आतलं हँडल

शुक्रवारी दिवस मावळायला आला तशी नथानियल मिस्त्रीने हत्यारं पिशवीत भरली. पेणच्या गॅरेजात बांधलेली, बर्थ आणि गॅसची शेगडी असलेली सहलीची गाडी तयार होती. मागच्या दाराचं आतलं हँडल तेवढं बसवायचं राहिलं. "शब्बाथ लागतोय, शेठ, उद्या रात्रीपर्यंत आम्ही यहुदी कामाला हात लावत नाही. रविवारी बसवतो. तोवर गाडी हलवू नका." "नाय हलवत," गॅरेजचा मालक शेठ म्हणाला. शनिवारी गिऱ्हाईक बायकोपोरीसकट गाडीसाठी अडून बसलं आणि शेठने चावी दिली. संध्याकाळी कोलाडजवळ शेगडी भडकली, आगीने पुढची वाट अडवली. तिघांची प्रेतं मागच्या दारापाशी सापडली. रविवारी नथानियल कोलाडला पोचला तेव्हा हवालदार शेठला विचारत होता, "मागचं दार का नाय उघडलं?" "आगीनं जाम झालं असंल," शेठ खाली बघत म्हणाला. जळक्या गाडीत चढून नथानियलने पिशवीतलं हँडल बसवलं आणि फिरवलं. दार कुरकुरलं आणि उघडलं.