कातळावरचं शेत

सरकारी साहेब कुळांचा रास्त खंड ठरवायला येणार म्हणून फेस्टीनं सवयीनं कोंबड्या पलंगाखाली दडवल्या, चुन्याच्या भिंतीला काजळी फासली. आमच्या खडकाळ कोनमारा भागात जरा बरं दिसलं की जमीनदार खंड वाढवायचा.

साहेबानं शेतातली माती चिमटीत घेतली. “कातळावर ही कुणी घातली?”

“पहिल्यापासून अशीच आहे, साहेब,” फेस्टी म्हणाला.

साहेबानं तसं लिहून खाली सही केली. “तुम्ही घातली असती, तर नव्या कायद्यानं या शेताचा खंड माफ झाला असता.”

तीस वर्षं समुद्रावरची वाळू आणि शेवाळ पाठीवरच्या टोपलीतून वाहून हे शेत फेस्टीच्या बायकोनं, नॅबलानं केलं होतं. ती दारातच उभी होती, कमरेत वाकलेली.

“बाई, पाठ अशी कशानं झाली?” जाता जाता साहेबानं विचारलं.

“पहिल्यापासून अशीच आहे, साहेब,” नॅबला म्हणाली.