घर, बुकिंगसकट

इसिक-कुल सरोवराच्या काठावरचं तोक्तोसुनकाकांचं पाहुण्यांना भाड्याने द्यायचं घर बिश्केकच्या एर्मेकला विकत घ्यायचं होतं, तेही आधी झालेल्या बुकिंगसकट. उन्हाळाभर एकही खोली रिकामी नव्हती. भाड्यातच निम्मं घर सुटेल, असा त्याचा हिशेब होता. म्हातारा मात्र किमतीवरून तसूभरही हलेना.

शेवटी एर्मेकने ठेवणीतलं अस्त्र काढलं. चहाची वाटी खाली ठेवली आणि प्रत्येक किर्गिझ माणसाला पाठ असावी लागतात ती आपल्या सात पूर्वजांची नावं, बापापासून सुरू करून, घडाघडा म्हणायला लागला. चौथ्या नावाला म्हाताऱ्याची वाटी ओठाशीच थांबली.

"अरे, हे तर माझे पणजोबा!"

"मग काका, रक्ताच्या माणसाकडून पुरती किंमत घेणार? वर गेल्यावर पणजोबांना काय तोंड दाखवाल?"

तोक्तोसुनकाकांनी डोळे पुसले, एर्मेकला छातीशी धरलं, किमतीतला दहावा हिस्सा सोडून दिला आणि वर मेंढीही कापायला सांगितली. एर्मेकला आयुष्यात पहिल्यांदाच पूर्वजांबद्दल खरोखर आदर वाटला.

सह्या झाल्या, पानं वाढली. पहिला घास घेता घेता एर्मेकने विचारलं, "काका, पाहुण्यांकडून भाडं आल्याआल्या घेता की जाताना?"



"भाडं? अरे, सगळी आपल्याच पणजोबांची पिलावळ ती! परका मालक आला तर त्यांच्याकडून पैसे मागेल, या काळजीने मला झोप नव्हती. बरं झालं बाबा, तू घरचाच निघालास!"