हिवाळ्यानंतरच्या कविता

एकाच तुकडीतल्या दोन सैनिक-कवींच्या शैलीची तुलना करण्यात प्राध्यापक बाईंची सहा वर्षं गेली होती. त्यातला एक जण युद्ध संपता संपता गेला, अशी नोंद होती. दुसरा आता नव्वदीला टेकलेला. त्याच्यासमोर बसून त्यांनी शेवटचं प्रकरण वाचून दाखवलं.

"तुमचा मित्र आईला पत्रातून कविता पाठवायचा. हिवाळ्यानंतरच्या कवितांवर तुमची छाप उघड दिसते. तुमच्या स्वतःच्या कविता मात्र तेव्हापासून फिक्या पडत गेल्या." बाई अडखळल्या. "राग मानू नका."

"राग कसला? बरोबर पकडलंत." म्हाताऱ्याने चष्मा पुसला. "तो हिवाळ्यातच गेला. तुकडीचा कारकून मी, मृत्यूची नोंद करायचं नि घरी कळवायचं काम माझ्याकडे. पण हातच चालेना. त्याचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, म्हणून पत्रं आधीपासून मीच उतरवून द्यायचो. तशीच पाठवत राहिलो, लढाई संपेपर्यंत."

बाईंचं पेन थांबलं. "आणि तुमच्या कविता?"

"जमलेल्या ओळी त्याच्या आईला जायच्या, बाई. उरलेल्या माझ्या नावावर."