पुढचा कच्चा भाग

गॅरेजमध्ये सगळे त्याला भिंगरी म्हणायचे, कारण गडी दोन मिनिटं एका जागी टिकत नसे. त्याने आपल्या स्पोर्ट्स कारच्या इंजिनाची ताकद वाढवून घेतली आणि आठवड्यात क्लच घसरायला लागला. दणकट क्लच टाकला, तर गिअरबॉक्सचे दात उडाले. गिअरबॉक्स बदलला, तर एक्सल काडकन तुटला.

दर वेळी गॅरेजचा उस्ताद हात पुसत म्हणायचा, "भाऊ, एक भाग बळकट केला की जोर पुढच्या कच्च्या भागावर जातो."

"मग तोही बदल!" भिंगरीच्या येरझाऱ्या चालूच.

अखेर गाडीत कच्चं असं काही उरलं नाही. फक्त त्या दणकट क्लचचं पेडल इतकं जड झालं, की महिनाभर दाबून दाबून भिंगरीचा डावा गुडघा सुजून टम्म झाला. बायकोने त्याला आपल्या जुन्या, बारा वर्षांत ऑइलपलीकडे फारसं काही न मागितलेल्या गाडीतून दवाखान्यात नेलं.

"गुडघ्याला पट्टा बांधू," डॉक्टर म्हणाले, "पण मग सगळा भार कमरेवर जाईल."



भिंगरी ताडकन उठून बसला. "मग कंबर आत्ताच बदलून टाका ना!"