जोडीचा फोटो
आमचे हे सरकारी खात्यात फोटोग्राफर. निवृत्तीचे कागद भरताना घोडं अडलं. ह्यांच्या माघारी पेन्शन मला मिळायला जोडीचा फोटो हवा, आणि घरात तसा एकही नव्हता. सगळ्या फोटोंत मी एकटी, हे कायम कॅमेऱ्यामागे. दुसऱ्या कुणाच्या हाती कॅमेरा देतील तर शपथ! शेवटी टायमर लावून हे धावत शेजारी येऊन बसले. कारकुनाने फोटो परत केला. "काकू, साहेबांकडे नाही, कॅमेऱ्याकडे बघायचं." दुसरा काढला, तिसरा काढला, माझी तीच तऱ्हा. "इतकी वर्षं तर कॅमेऱ्याकडे नीट बघायचीस!" हे वैतागले. "कॅमेऱ्याकडे कुठे? मागे तुम्ही असायचात ना!"  मग डोक्यावरची टोपी काढून ह्यांनी कॅमेऱ्यावर अडकवली. चौथा फोटोही परत आला. "काकू आता बरोबर आहेत," कारकून म्हणाला. "पण साहेब, तुम्ही कुठे बघताय?"