नाकातलं वजन

विमान शेपटीवर बसलं. नाक वर, पुढचं चाक हवेत.

त्यानं बोटानं नाक खाली दाबलं. बोट काढलं. ते पुन्हा बसलं.

नाकात वजन घालायला तो विसरला होता. नवशिके विसरतात तसं. तीस वर्षं तो प्रवासी विमानांची वीतभर मॉडेलं जोडत होता आणि छंदवाल्यांच्या मासिकात त्यांची परीक्षणं लिहीत होता. नाकात वजन घाला, नाहीतर विमान शेपटीवर बसेल, हे वाक्य त्यानंच शंभरदा लिहिलं असेल. स्वतःचा राग यायला हवा होता. आला नाही. बायको गेल्याला दीड महिना झाला होता. त्या दीड महिन्यात काहीच येत नव्हतं, रडूसुद्धा. चहा करायचा, तो गार व्हायचा, ओतून द्यायचा.

धड अजून चिकटपट्टीनंच बांधलेलं होतं, एवढं बरं. शेजारी परीक्षणाचे चार कागद पडले होते. भाग एकमेकांशी कसे जुळतात एवढंच त्यात असायचं, म्हणून ते रंगाआधीच लिहून व्हायचं. खिडक्यांची रांग अर्धा मिलिमीटर खाली. पंख सुरेख. फक्त शेवटची चौकट रिकामी होती. दहापैकी किती?

तो आकडा कधीच त्याचा नसायचा. दिवसभरात लिहिलेलं तो संध्याकाळी बायकोला मोठ्यानं वाचून दाखवायचा. ती समोरच्या खुर्चीत, कानात ऐकायचं मशीन, मांडीवर विणकाम. शेवटचा कागद संपला की ती सुया खाली ठेवायची आणि बोटं वर करायची. सहा. आठ. एकदा चक्क दोन. विमानातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं.

"अहो, पण ते उडतं का?"

"नाही."

"मग एवढं कसलं कौतुक!"

पण आकडा चुकायचा नाही. संपादक म्हणायचे, "मजकूर तुमचा असू द्या हो, आकडा मात्र वहिनींचाच पाहिजे." आता त्यांचे दोन निरोप येऊन पडले होते. घाई नाही, पण आकडा तेवढा टाका.

वजनही तिचंच असायचं. मशीनचे संपलेले सेल ती साठवायची, पाच-पाच कागदात बांधायची आणि पुडी त्याच्या हातावर ठेवायची. "घ्या, तुमच्या विमानाला माझे कान. सोडू नका हं, आत खडखडतील." तो पुडी तशीच नाकात बसवायचा, वरून गोंद.

डब्यात शेवटची पुडी होती. या विमानाचं नाक फार निमुळतं. पुडी आत जाईना. त्यानं ती सोडली.

पाच सेल. पाचांवर निळं स्टिकर.

तो बघत राहिला. स्टिकर सोलल्याशिवाय सेलमध्ये हवा जात नाही. हवा गेल्याशिवाय सेल जागा होत नाही. हे पाच कधी जागेच झाले नव्हते.

त्यानं फळीवरून मागचं विमान उतरवलं. बारीक करवत लावली, नाक कापलं. निळी स्टिकरं. त्याच्या मागचं कापलं. निळी. टेबलावर पांढरा भुसा साठत गेला. सहाव्या विमानाच्या नाकात उघडे, काळवंडलेले सेल निघाले. ते विमान दोन वर्षांपूर्वीचं होतं.

दोन वर्षं ती मशीनमध्ये सेल घालत नव्हती. रोजचं बोलणं ती ओठांवरून ओळखायची, ते त्याला माहीत होतं. पण खिडक्यांची रांग अर्धा मिलिमीटर खाली, हे ओठांवरून कोण ओळखणार? तो वाचत होता, ती मान हलवत होती.

कंटाळली असणार. कान मिटून बसत असणार. कुठंतरी दुखायला हवं होतं. तो वाट बघत बसला. दुखलं नाही.

त्यानं लेकीला फोन लावला. "तुझी आई मशीनमध्ये सेल घालत नव्हती. तुला माहीत होतं?"



"बाबा, मशीनचा उपयोगच राहिला नव्हता. डॉक्टर म्हणाले, आता लावा, नाहीतर नका लावू. आईनं मला शपथ घातली. म्हणाली, ह्यांना कळलं तर वाचायचे थांबतील."

"मग त्या पुड्या?"

"नाहीतर तुमची विमानं शेपटीवर बसली असती ना."

"आणि आकडे? आकडे कुठून आणायची?"

लेक हसली की रडली, कळलं नाही.

"म्हणायची, ऐकायला कशाला हवं? आकडा ह्यांच्या तोंडावर लिहिलेला असतो."

त्यानं फोन ठेवला. पाच सेल स्टिकरांसकट एकेक करून विमानाच्या नाकात बसवले. विमान तिन्ही चाकांवर उभं राहिलं.

मग त्यानं चार कागद उचलले. समोरची खुर्ची रिकामी होती, म्हणून तो कपाटाच्या आरशापुढं गेला. दीड महिन्यात पहिल्यांदाच मोठ्यानं वाचू लागला. आवाज आधी घोगरा आला, मग सुटला. खिडक्यांपाशी त्यानं वर बघितलं. आरशातल्या म्हाताऱ्यानं नाक मुरडलं होतं. पंखांपाशी त्याच्या भुवया वर गेल्या, आणि तिथंच राहिल्या. शेवटच्या कागदावरची अक्षरं दिसेनाशी झाली, तरी त्यानं ती वाचली. पाठ होती.

त्यानं कागद काखेत धरले, आणि आरशापुढं आठ बोटं वर केली.