बाबांचे सत्तावीस

"आता ज्याची त्याची हवा!" बाबा लहान मुलासारखे खोल्याखोल्यांतून फिरत होते. मेकॅनिकने प्रत्येक खोलीच्या भिंतीवर तापमानाचं वेगळं बटण बसवलं होतं. आजवर अख्ख्या घराला एकच बटण होतं, आणि त्यावरून बापलेकीचं रोज वाजायचं.

"वीसवर झोपायला तू काय पेंग्विन आहेस?"

"आणि तुम्ही सत्तावीसवर काय अंडी उबवणार आहात?"

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा उठलेच नाहीत.

काही आठवड्यांनी लेकीने मेकॅनिकला बोलावून बाबांच्या खोलीतली हवा बंद करून घेतली. भिंतीवरचं बटण काढताना तो म्हणाला, "रिकामी खोली कशाला तापवायची, ताई?"

तो गेल्यावर दिवाणखान्यातल्या, सगळ्या खोल्यांचं तापमान दाखवणाऱ्या मुख्य पडद्यावर बाबांच्या खोलीच्या नावासमोर काहीच दिसायला नको होतं. तिथे सत्तावीस होतं.

ती धावत गेली. भिंतीतून दोन उघड्या तारा लोंबत होत्या आणि छताच्या जाळीतून उबदार हवा येत होती.

पडद्याशी परत येऊन तिने मुद्दाम वीस केलं. आकडा सत्तावीसवर गेला. तिने पुन्हा वीस केलं. पुन्हा सत्तावीस! ती खुदकन हसली. किती दिवसांनी असं कडाक्याचं भांडण जुंपलं होतं!

"बरं, घ्या तुमचे सत्तावीस," म्हणत तिने हात मागे घेतला.

आकडा क्षणभर थांबला. मग आपोआप एकेक उतरत वीसवर आला, आणि बाबांच्या खोलीतून खोकल्याचा आवाज आला.

इतक्या वर्षांच्या भांडणात जे एकदाही म्हणाली नव्हती, ते ती मोठ्याने म्हणाली, "नको, बाबा. तुम्हाला थंडी वाजेल."